ओकच्या ढलप्या दारूत भिजवून बिअर मुरवणे: वजन, भाजणी, दिवस आणि बरणीत उरलेल्या अर्काचं काय करायचं

मापटं | रविवार, सकाळी 11:05

बर्बनचं रिकामं पिंप 200 लिटरचं असतं. मुंबईत ते ठेवायला जागा मिळाली तरी भरायला एका दमात 200 लिटर बिअर लागते, आणि अर्धवट भरलेल्या पिंपात हवा शिरून बिअर आंबट होते. 20 लिटरच्या पायलट बॅचला, म्हणजे प्रयोगाच्या छोट्या घाण्याला, ओकची चव द्यायची तर लाकडाच्या ढलप्या दारूत भिजवून बिअरमध्ये सोडणं हाच सोपा मार्ग. पिशवीवर ‘ओक चिप्स’ लिहिलेलं असतं त्या या ढलप्या.

पहिला प्रश्न नेहमी एकच येतो: किती दिवस ठेवू? खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. आधी वजन, मग भाजणी (लाकूड किती भाजलेलं आहे ते), मग तापमान, आणि भिजवलेल्या दारूचा हिशेब पूर्ण वेगळा. एवढं पक्कं झालं की दिवस जिभेवर ठरतो.

कायद्याचं आधीच सांगतो. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, स्वतःपुरतं केलं तरी. त्यामुळे खालची मापं परवाना असलेल्या मायक्रोब्रुअरीतल्या पायलट बॅचसाठी आणि जिथे घरी ब्रू करायला मुभा आहे अशा देशांतल्या मराठी मंडळींसाठी आहेत. मुंबईत घरी बसून ओक समजून घ्यायचा असेल तर विकतच्या स्टाउटवर (भाजलेल्या बार्लीची काळी बिअर) अर्काचे, म्हणजे ढलप्या भिजवलेल्या दारूचे, थेंब टाकून बघता येतं. त्याची कृतीही खाली देतो.

उदाहरण म्हणून 19 लिटर स्टाउट घेऊ. सुरुवातीची घनता (पाण्याची 1.000 धरून) 1.084, शेवटची 1.022, म्हणजे अल्कोहोल साधारण 8.1 टक्के. आंबणं पूर्ण झालेलं हवं. तीन दिवस लागोपाठ घनता मोजणारा हायड्रोमीटर तोच आकडा दाखवतो आहे, याची खात्री झाल्याशिवाय लाकडाला हात लावू नका.

ढलप्या लिटरला 2 ग्रॅम, म्हणजे 38 ते 40 ग्रॅम. मुठीने मोजू नका, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा. लाकडाच्या जाडीप्रमाणे एका मुठीत 15 ग्रॅमही येतात आणि 30 ग्रॅमही. अमेरिकन ओक, मध्यम भाजणी.

ढलप्या आधी वाफवायच्या. मोदकपात्रात जाळीवर स्वच्छ सुती फडकं पसरा, त्यावर ढलप्या, झाकण, पाणी उकळायला लागल्यापासून 15 मिनिटं. खालच्या पाण्याला तपकिरी रंग येतो. तो कच्चा तुरटपणा आहे, पाणी फेकून द्या. पाण्यात उकळूनही जंतू मरतात, पण मग वासाचा बराच भाग त्या पाण्याबरोबर जातो.

वाफवलेल्या ढलप्या गरम असतानाच काचेच्या बरणीत घाला, निवू द्या आणि वरून 120 मिली दारू ओता. ढलप्या बुडायला हव्यात, तरंगू नयेत. पहिल्या दिवशी दोनतीनदा बरणी हलवा. लाकूड साधारण स्वतःच्या वजनाइतकी दारू पितं, म्हणजे 40 ग्रॅम ढलप्या काढल्यावर 75 ते 80 मिली अर्क बरणीत उरतो. मुंबईच्या खोलीतल्या 30 अंशांवर 3 ते 5 दिवस भिजवणं पुरेसं आहे. पहिल्या 24 तासांतच रंग गडद होतो, पण आतपर्यंत मुरायला आणखी दोन दिवस द्या.

मग ढलप्या नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत, पिशवी बिअरमध्ये. बिअर 16 ते 18 अंशांवर. तिसऱ्या दिवशी पहिली चव, मग पाचव्या, मग रोज. बहुतेक वेळा 7 ते 10 दिवसांत काम होतं. ओक हवा त्याहून किंचित जास्त लागतो आहे असं वाटलं की पिशवी बाहेर काढा. पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत ती चव बसते आणि थोडी खालीही येते.

अर्क बरणीतच ठेवा, लगेच ओतू नका. यावर मतभेद आहेत, ते ऐकायला आवडतील.

सांडशी | रविवार, दुपारी 12:40

मापटं, वाफवण्याचं नीट लिहिलंत. एक पूर्ण चुकीची समजूत सगळीकडे दिसते: दारूत भिजवलं की लाकूड निर्जंतुक झालं. आपल्याकडच्या बाटलीवर 42.8 टक्के असतं, जुन्या मापात 25 अंडर प्रूफ. जंतू मारायला अल्कोहोल 60 ते 80 टक्क्यांच्या दरम्यान सगळ्यात परिणामकारक. 42.8 टक्क्यांत दिवसचे दिवस ठेवलं तर बरेचसे यीस्ट आणि जिवाणू मरतात, पण बीजाणू मरत नाहीत. शिवाय ओली ढलपी घातली तर तिच्यातलं पाणी दारू आणखी पातळ करतं, आणि लाकडाच्या छिद्रांत हवेचा बुडबुडा अडकला असेल तर तिथपर्यंत दारू पोहोचतच नाही. म्हणून वाफ आधी, दारू नंतर. वाफेने हवाही बाहेर पडते, लाकूड निवताना दारू आत ओढून घेतं. गरम असतानाच बरणीत घाला असं मापटं यांनी लिहिलंय त्याचं कारण हेच. मात्र दारू ओतण्याआधी ढलप्या निवू द्याच. गरम लाकडावर ओतली तर अल्कोहोलची वाफ उठते, आणि शेजारी गॅस पेटलेला असेल तर धोका आहे.

मुंबईकरांसाठी महत्त्वाचं: ढलप्या नळाच्या पाण्याने धुऊ नका. पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, आणि भाजलेल्या लाकडात फिनॉल जातीचे पदार्थ भरपूर. दोन्ही एकत्र आले की क्लोरोफिनॉल तयार होतात. बिअरला डेटॉलसारखा, जखमेच्या पट्टीसारखा वास येतो. अगदी सूक्ष्म प्रमाणातही तो जाणवतो आणि नंतर कशानेही जात नाही. आरओचं पाणी, किंवा 15 मिनिटं उघडं उकळून गार केलेलं पाणी वापरा. त्याच कारणाने बरणी किंवा पिशवी ब्लीचिंगच्या द्रावणाने साफ करू नका.

पायलट_बॅच | रविवार, दुपारी 3:15

भाजणीबद्दल थोडं सविस्तर, कारण पिशवी निवडताना तिथेच चूक होते.

अमेरिकन ओक म्हणजे क्वेर्कस आल्बा. त्यात लॅक्टोन जास्त, म्हणजे ओल्या खोबऱ्याचा वास, त्याच्या जोडीला व्हॅनिला. फ्रेंच ओकमध्ये खोबरं कमी, लवंग-दालचिनीसारखा मसाला आणि तुरटपणा जास्त. लवंगेचा वास ज्या युजेनॉलमुळे येतो तेच युजेनॉल ओकमध्येही असतं.

लाकूड भाजताना लिग्निन तुटून व्हॅनिलिन होतं. हलक्या भाजणीत ते कमी, कच्च्या लाकडाचा आणि खोबऱ्याचा वास जास्त. मध्यम ते मध्यमच्या थोडं वर व्हॅनिला सगळ्यात जास्त. त्याच्याही पुढे गेलं की व्हॅनिलिनच जळू लागतं आणि ग्वायाकॉल वाढतं, म्हणजे धूर, भाजकं, कोळशाकडे झुकणारं. कडक भाजणीचे काळे तुकडे स्टाउटमध्ये घातले की भाजलेल्या बार्लीचा कडवटपणा आणि धूर एकावर एक चढतात. स्टाउटला मध्यम भाजणी, पोर्टरला (स्टाउटच्याच जातीची काळी बिअर) मध्यमच्या थोडी वर, बेल्जियन पद्धतीच्या कडक एलला फ्रेंच मध्यम. फिकट बिअरला लिटरला 0.5 ते 1 ग्रॅमपेक्षा जास्त नको. आयपीएमध्ये, म्हणजे हॉप्सची कडू फुलं भरपूर घातलेल्या बिअरमध्ये, जपूनच, कारण हॉप्सचा कडवटपणा आणि लाकडाचा तुरटपणा एकमेकांना वाढवतात, जीभ कोरडी पडते.

ढलप्या घरी ओव्हनमध्ये भाजण्याचा मोह होतो. पातळ कडा जळतात आणि मधला भाग कच्चा राहतो, त्यामुळे एकाच पिशवीत तीन भाजण्या होतात. जाड चौकोनी तुकडे, ज्यांना क्यूब म्हणतात, ते एकसारखे भाजले जातात आणि बिअरमध्ये हळू उतरतात. त्यांना 4 ते 8 आठवडे लागतात, प्रमाण लिटरला 2 ते 4 ग्रॅम. क्यूबच्या चवीत थर असतात, कारण आतल्या भागाची भाजणी हलकी, बाहेरची कडक. हाताशी वेळ असेल तर माझी पसंती क्यूबला. पण ढलप्यांचा फायदा असा की चूक आठवड्यात कळते.

अंधेरी_पूर्व | रविवार, सायंकाळी 6:30

प्रश्न आहे. रे रोडच्या लाकूड बाजारात सागवान सहज मिळतं, फर्निचरवाल्यांकडे ओकचे तुकडेही पडलेले असतात. ते तासून वापरले तर? आयात ढलप्यांची 500 ग्रॅमची पिशवी घ्यायची आणि वापरायच्या 40 ग्रॅम, हे पटत नाही.

सांडशी | रविवार, सायंकाळी 7:10

सागवान अजिबात नको. त्याचं टिकाऊपण त्याच्यातल्या तेलांमुळे आणि क्विनोन जातीच्या द्रव्यांमुळे आहे. वाळवी खात नाही ती त्याचमुळे. ती बिअरमध्ये उतरली की कडू आणि तेलकट लागतं, फेसही बसतो. ओकचं लॅक्टोन त्यात नाही.

फर्निचरच्या ओकचे दोन दोष. पहिला, वाळवी आणि बुरशीसाठी औषध मारलेलं असू शकतं आणि ते तुकडा बघून कळत नाही. दुसरा, ते भट्टीत भराभर वाळवलेलं असतं. पिंपासाठीचं लाकूड दोन-तीन वर्षं उघड्यावर ऊन-पावसात ठेवतात, त्यात त्याचा कडवट तुरटपणा धुऊन जातो. फर्निचरच्या लाकडाला ते ऊन-पाऊस मिळालेलंच नसतं. खाण्यापिण्यासाठी म्हणून विकलेल्या ढलप्याच घ्या.

पिशवीतल्या उरलेल्या वाया जात नाहीत, पण पावसाळ्यात सांभाळाव्या लागतात. पिशवी फोडली की लगेच हवाबंद काचेच्या बरणीत, सोबत सिलिका जेलची पुडी. कुबट वास आला तर सगळ्या फेकून द्या. वाफवून बुरशी मरते, पण तिने बनवलेला टीसीए हा कुबट वासाचा पदार्थ तसाच राहतो. तो लिटरला काही नॅनोग्रॅम असला तरी बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा, भिजलेल्या तळघराचा वास येतो.

बुडबुडा | रविवार, रात्री 9:50

दारू कोणती, हे कुणी लिहिलं नाही. ‘दारू’ म्हणून काहीही चालत नाही.

आपल्याकडे व्हिस्की म्हणून विकली जाणारी बरीचशी दारू उसाच्या मळीच्या स्पिरिटवर आधारलेली असते, त्यात थोडं माल्ट स्पिरिट मिसळलेलं. ग्लासात सोड्याबरोबर ती चालते, पण ओकमध्ये मुरून बिअरमध्ये उतरली की मागे फक्त स्पिरिटचा उग्रपणा राहतो. धान्याची व्हिस्की हवी असेल तर अमेरिकन बर्बन सरळ निवड. ती कायद्यानेच नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात मुरवलेली असते, त्यामुळे खोबरं-व्हॅनिला तिच्यात आधीच आहे. भारतीय सिंगल माल्टमध्ये अमृत किंवा पॉल जॉन घेता येईल. पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) धुराची आवृत्ती घेतलीत तर ढलप्यांचं वजन निम्मं करा. धूर आणि भाजका ओक एकत्र खूप होतात.

मुंबईत सगळ्यात सोयीची काळी रम, म्हणजे ओल्ड मंक. मळी, कॅरॅमल, व्हॅनिला हे सगळं स्टाउटच्या चवीशी जुळतं, आणि 180 मिलीची क्वार्टर घेतली तरी एका बॅचला पुरून उरते. पण रममध्ये व्हॅनिलाचा वास आधीच ठळक असतो. तिच्याबरोबर अमेरिकन मध्यम भाजणी घेतली तर बिअर केकसारखी गोड वासाची होते. रमबरोबर फ्रेंच ओक घ्या, मसाला आणि तुरटपणा त्या गोडव्याला धरून ठेवतात.

काजूची फेणी वापरायची इच्छा बऱ्याच जणांना होते. गोव्याच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि ती मुळात फळापासून गाळलेली, त्यामुळे प्रयोग रास्त आहे. मात्र तिचा वास स्टाउटलाही दाबून टाकतो आणि मुरूनही उतरत नाही. आधी 1 लिटर बिअरवर 2 ग्रॅम ढलप्या घालून बघा, आख्ख्या बॅचवर नाही. जिन नको, जुनिपर आणि ओक जमत नाहीत.

मापटं | सोमवार, सकाळी 8:20

बुडबुडा, रमबरोबर फ्रेंच हे पटलं. वरच्या कृतीत तेवढा बदल धरावा.

लोहार_चाळ | सोमवार, सकाळी 10:05

पिशवी तरंगू नये म्हणून आत वजन घालतात. नागदेवी स्ट्रीटवर नट घ्यायला गेलात तर स्टेनलेस स्टील, 304 ग्रेड मागून घ्या, आणि घरी चुंबक लावून बघा. जोरात चिकटला तर तो नट साध्या लोखंडाचा, वर मुलामा दिलेला. 304 ला चुंबक लागत नाही किंवा जेमतेम लागतो.

हे एवढं सांगायचं कारण: ओकमधलं टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, आणि लोखंड एकत्र आलं की निळसर काळा रंग होतो. जुन्या काळी शाई याच रसायनावर बनायची. स्टाउटमध्ये रंग दिसणार नाही, पण चव रक्तासारखी, धातूसारखी होते, आणि बिअरमध्ये उतरलेलं लोखंड शिळेपणाचा वेगही वाढवतं. त्यामुळे बरणीचं झाकणही पत्र्याचं नको, किंवा दारू झाकणाला लागणार नाही अशी उभी ठेवा. लोणच्याच्या बरणीची झाकणं तर मुळीच नको, हिंग-मोहरीचा वास रबराच्या चकतीतून जात नाही.

केगमध्ये (गॅसच्या दाबाखाली बिअर ठेवायचं स्टीलचं बंद भांडं) करत असाल तर पिशवी बिनवासाच्या, पुदिना नसलेल्या डेंटल फ्लॉसने टांगा. फ्लॉस झाकणाच्या रिंगखालून बाहेर काढला तर ठरल्या दिवशी केग न उलथता पिशवी वर ओढता येते. रिंगवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना ते बघा. पिशवी तळाच्या गाळात टेकू देऊ नका.

अंधेरी_पूर्व | सोमवार, दुपारी 1:30

अर्काचं राहिलं. तो ओतायचा की नाही? आणि एक बाळबोध शंका: ढलप्या न घालता नुसती व्हिस्की ओतली तर काय कमी पडतं?

पायलट_बॅच | सोमवार, दुपारी 2:45

शंका बाळबोध नाही. नुसती व्हिस्की ओतली तर वास येतो, अंग येत नाही. ओकचा तुरटपणा बिअरच्या गोडव्याला कणा देतो. 1.022 वर थांबलेल्या स्टाउटमध्ये तो नसेल तर वर व्हिस्की आणि खाली गोड काढा, असे दोन थर वेगवेगळे लागतात.

अर्काबद्दल माझं मत: सगळा ओता. लाकडातून 42.8 टक्के अल्कोहोलमध्ये जे उतरतं ते 8 टक्क्यांच्या बिअरमध्ये तितकं उतरत नाही. लॅक्टोन पाण्यात जेमतेम विरघळतं, अल्कोहोलमध्ये चांगलं. म्हणजे खोबऱ्याचा मोठा हिस्सा त्या 80 मिलीत आहे. तो फेकला तर मग भिजवलं कशाला?

सांडशी | सोमवार, दुपारी 4:00

सहमत नाही. पहिल्या भिजवणीत लाकडाची भुकटी आणि कच्चं टॅनिनही तेवढ्याच जोरात उतरतं, विशेषतः ढलप्या बारीक असतील तर. चहाची पूड पातेल्यात तशीच उकळत ठेवावी तसं होतं. रंग छान दिसतो आणि घशात अडकतो. माझी पद्धत: पहिल्या 24 तासांची दारू फेकायची, नवी ओतून 4 दिवस ठेवायची, आणि हा दुसरा अर्क वापरायचा. खर्च 60 मिली रमचा, त्याच्या बदल्यात खरखर जाते.

मापटं | सोमवार, रात्री 9:15

दोघांचंही खरं आहे, आणि निर्णय मापाने घेता येतो. सांडशीताईंची दुसरी दारू असो की पायलट_बॅच यांची पहिली, ती सगळी एकदम ओतायची नाही.

ढलप्या बाहेर काढल्यावर अर्क कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळा. भुकटी गेली की निम्मी खरखर तिथेच जाते. मग चार ग्लासांत प्रत्येकी 100 मिली बिअर, 12 अंशांच्या आसपास. फ्रिजमधून काढल्या काढल्या चव घेऊ नका, थंडीत तुरटपणा जास्त आणि व्हॅनिला कमी लागते. मेडिकलमध्ये 1 मिलीची सुई नसलेली सिरिंज मिळते. ग्लासांत अनुक्रमे 0, 0.2, 0.4 आणि 0.6 मिली अर्क. ढवळा, पाच मिनिटं थांबा, आधी वास, मग घोट. ग्लासांखाली आकडा लिहून दुसऱ्या कुणाला तरी त्यांची जागा बदलायला सांगा, म्हणजे आधीच ठरवलेलं मत आड येत नाही.

0.2 मिली आवडलं तर 19 लिटरला 38 मिली. 0.4 आवडलं तर 76 मिली, म्हणजे बरणीतला जवळपास सगळाच. 0.6 हवंहवंसं वाटलं तर 114 मिली लागतील आणि तेवढा अर्क नाही. अशा वेळी नवी बरणी लावण्यापेक्षा त्याच ढलप्या आणखी दोन दिवस बिअरमध्ये ठेवणं बरं. अल्कोहोलची काळजी नको: 120 मिली दारू पूर्ण गेली तरी 8.1 चं साधारण 8.3 टक्के होतं.

विकतच्या स्टाउटवर घरी करायचा प्रयोग हाच. चार ग्लास, एक सिरिंज, आणि 10 ग्रॅम ढलप्या 40 मिली रममध्ये पाच दिवस. अमेरिकन आणि फ्रेंच अशा दोन बरण्या लावल्या तर कुठला ओक कसा लागतो ते एका संध्याकाळी कळतं, बॅच पणाला न लावता.

पायलट_बॅच | सोमवार, रात्री 10:00

सिरिंजची पद्धत मान्य. ‘सगळा ओता’ हे माझे शब्द मागे. गाळण्याचं मी धरलं नव्हतं.

खारफुटी | मंगळवार, सकाळी 9:30

तापमानावर भर द्यायला हवा, इथे मुंबई पुण्याहूनही वेगळी आहे. मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उन्हात बंद खोली 32-34 अंशांवर जाते, आणि किनाऱ्यावर रात्रीही फारसं उतरत नाही. रासायनिक क्रियांचा वेग दर 10 अंशांना साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. ओक 32 अंशांवर चार दिवसांत उतरतो हे खरं, पण त्याच चार दिवसांत शिळेपणाही दुप्पट-तिप्पट वेगाने येतो. आधी ओल्या पुठ्ठ्याची चव, मग सोया सॉससारखी. ही दुसरी चव तळाच्या मेलेल्या यीस्टमुळेही येते, म्हणून लाकूड घालण्याआधी बिअर गाळावरून दुसऱ्या भांड्यात घेतलेली हवी.

जुना एकदारी फ्रिज आणि बाहेरून जोडायचा तापमान नियंत्रक पुरतो. सेन्सर हवेत लोंबता ठेवू नका, भांड्याच्या अंगाला टेपने चिकटवून वरून फोमचा तुकडा लावा. नाहीतर दार उघडलं की कॉम्प्रेसर चालू आणि बिअर मात्र वेगळ्याच तापमानावर.

भांडं: काच किंवा स्टील. पांढऱ्या प्लास्टिकच्या बादलीतून ऑक्सिजन झिरपतो. आंबवायला ती चालते, मुरवायला नाही. बिअर मानेपर्यंत भरा आणि वरची पोकळी कार्बन डायऑक्साइडने धुवा. रोज चव घ्यायची म्हणून रोज झाकण उघडलं तर दर वेळी हवा आत जाते, आणि व्हिनेगर करणाऱ्या ॲसिटोबॅक्टर जिवाणूला नेमकी तीच हवी असते. नेलपॉलिशचा वास आला तर व्हिनेगरच्या वाटेवर आहात असं समजा. केगला नळी जोडून गॅसच्या हलक्या दाबाने 30 मिली काढा, झाकण बंदच.

आणखी एक: आधीच गॅस भरलेल्या बिअरमध्ये ढलप्या टाकू नका. लाकडाच्या प्रत्येक छिद्रावर बुडबुडा धरतो आणि दोन लिटर बिअर जमिनीवर येते. गॅस नंतर.

बुडबुडा | मंगळवार, सकाळी 11:45

खारफुटी, पिंपातून थोडा थोडा ऑक्सिजन येतो म्हणूनच चव गोल होते, असंही म्हणतात. ढलप्यांमध्ये तो मिळत नाही, मग थोडी हवा लागली तर बिघडलं काय?

खारफुटी | मंगळवार, दुपारी 12:20

पिंपात तो लाकडाच्या जाडीतून महिनोन्‌महिने, अगदी सावकाश येतो आणि टॅनिन त्याला सोबतच पकडत जातं. झाकण उघडल्यावर तो एका क्षणात येतो. या दोन गोष्टींची तुलना होत नाही. ढलप्यांनी लाकडाची चव मिळते, पिंपाचं मुरणं मिळत नाही, हे मान्य करूनच ही पद्धत वापरावी.

आणि ओकची चव म्हणजेच जुनी, अस्सल पद्धत असंही नाही. 19 व्या शतकात मुंबईला गोऱ्या सैनिकांसाठी पोर्टरची पिंपं जहाजांतून येत. ब्रिटिश ब्रुअर पिंपांसाठी बाल्टिक किनाऱ्यावरच्या मेमेल बंदराचा ओक पसंत करत, कारण त्याची चव बिअरमध्ये उतरत नसे. अमेरिकन ओक ते टाळत, तो बिअरला वास देतो म्हणून. आज आपण जो वास मुद्दाम आणतो, तो त्यांच्या लेखी दोष होता.

अंधेरी_पूर्व | मंगळवार, सायंकाळी 7:00

पिशवी वेळेवर काढली नाही आणि बिअर लाकडाचा भुसा चावल्यासारखी लागू लागली, तर काही करता येतं?

सांडशी | मंगळवार, रात्री 8:10

आधी कशाचा अतिरेक झालाय ते ओळखा. दोन प्रकार असतात, उपाय वेगळे.

जीभ आणि हिरड्या कोरड्या पडत असतील, कच्चं केळं खाल्ल्यासारख्या, तर टॅनिन जास्त आहे. याला जिलेटिन चालतं. त्यावर धन विद्युतभार असतो, टॅनिन त्याला धरून खाली बसतं. 19 लिटरला 2 ते 3 ग्रॅम बिनवासाचं जिलेटिन, 150 मिली गार पाण्यात 15 मिनिटं फुलवा, 65-70 अंशांपर्यंत तापवा, उकळू नका. बिअर 2-3 अंशांवर गार असताना ओता आणि तीन दिवसांनी वरची स्वच्छ बिअर काढून घ्या. ही बिअर शाकाहारी राहत नाही, पाजणाऱ्याने तसं सांगावं. शाकाहारी पर्याय पीव्हीपीपी, ही टॅनिन धरणारी कृत्रिम पूड.

तोंड कोरडं पडत नाही पण खोबरं, व्हॅनिला किंवा धूर डोक्यात जातोय, तर जिलेटिनचा उपयोग शून्य. ही द्रव्यं त्याला चिकटत नाहीत. इथे एकच उपाय, ओक न घातलेली तीच बिअर मिसळणं. म्हणून पहिल्या प्रयोगात 19 पैकी 4-5 लिटर बाजूला, ओकविना ठेवा. प्रमाण पुन्हा 100 मिलीच्या ग्लासांवर ठरवा: 80-20, 70-30, 60-40.

काहीच हाताशी नसेल तर 10-12 अंशांवर दोन-तीन महिने ठेवून द्या. टॅनिन एकमेकांना जोडून मऊ होतं. धूर मात्र फारसा उतरत नाही.

लोहार_चाळ | मंगळवार, रात्री 9:00

वापरलेल्या ढलप्या पुन्हा चालतात का, हा प्रश्न येणारच. नाही. एका फेरीत त्यांतलं जवळपास सगळं संपतं. क्यूब दुसऱ्यांदा चालतात, वेळ दुप्पट धरा.

पायलट_बॅच | बुधवार, सकाळी 10:30

बाटलीत भरण्याचं राहिलं आणि तिथे इजा होऊ शकते, म्हणून लिहितो.

लाकूड काढल्यावर घनता पुन्हा मोजा. 1.022 ची 1.018 झाली असेल तर आत कुणीतरी काम करतंय. ब्रेटॅनोमायसिस हे जंगली यीस्ट लाकडातली सेलोबायोज साखरही खातं आणि नेहमीच्या यीस्टने सोडलेल्या लांब साखळीच्या साखराही. पृष्ठभागावर पांढरट, सुरकुतलेली साय दिसली तर तीच शंका. अशी बिअर बाटलीत भरू नका. तिची घनता खाली खाली येतच राहते आणि महिन्या-दोन महिन्यांनी बाटल्या फुटतात. केगमध्ये थंड ठेवून संपवा.

घनता स्थिर असेल तर 2.2 व्हॉल्यूम गॅससाठी (लिटरभर बिअरमध्ये लिटरभर गॅस म्हणजे एक व्हॉल्यूम) हिशेब असा. 18 अंशांवर राहिलेल्या बिअरमध्ये साधारण 0.88 व्हॉल्यूम गॅस आधीच विरघळलेला असतो. लागतात 1.32. एका व्हॉल्यूमला लिटरमागे 4 ग्रॅम साखर, म्हणजे 1.32 गुणिले 4 गुणिले 19, साधारण 100 ग्रॅम. बिअर मध्ये कधी 30 अंशांपर्यंत तापली असेल तर आधीचा गॅस उडून 0.7 च्या आसपासच उरतो आणि साखर 115 ग्रॅमच्या जवळ जाते. गेल्या काही दिवसांतलं सगळ्यात जास्त तापमान धरा, आजचं नाही.

8 टक्के अल्कोहोलमध्ये महिनाभर राहिलेलं यीस्ट थकलेलं असतं, त्यात बरंचसं खाली बसलेलं. 2 ग्रॅम ताजं कोरडं यीस्ट, ईसी-1118 किंवा सीबीसी-1, 30 मिली कोमट उकळलेल्या पाण्यात 15 मिनिटं भिजवून साखरेच्या पाकाबरोबर घाला. दोन-तीन आठवडे 22-24 अंशांवर, मग गार जागी.

अंधेरी_पूर्व | बुधवार, दुपारी 12:15

साखरेचा पाक आणि अर्क एकदमच घातला तर चालेल? दोनदा ढवळणं वाचेल.

मापटं | बुधवार, दुपारी 1:00

चालेल. भरण्याच्या भांड्यात तळाशी आधी गार झालेला पाक आणि अर्क, मग वरून नळीने बिअर, नळीचं टोक तळाला टेकवून. बिअर गोल फिरत भरते आणि सगळं आपोआप मिसळतं, पळीने ढवळून हवा घालावी लागत नाही. यीस्ट मात्र अर्काबरोबर नको, 42.8 टक्क्यांच्या दारूत ते मरतं. निम्मी बिअर आल्यावर घाला.

पाक गरम असताना अर्क ओतू नका, वास वाफेबरोबर उडून जातो.